'वेर' आणि आपला 'वीर'
इंग्रजी 'वूमन'मधला 'मॅन' म्हणजे पुरुष, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. जुन्या इंग्रजीत 'मॅन' म्हणजे नुसता माणूस, बाई असो की बाप्या. बाईला 'वीफ' म्हणत, त्याला 'मॅन' जोडून 'वूमन' झाला. पुरुषाला वेगळा शब्द होता, 'वेर'. तो तेराव्या शतकाच्या सुमारास मागे पडला.

लॅटिन 'विर' आणि आपला 'वीर' हे याचे सख्खे भाऊ! 'वेअरवुल्फ'मध्ये तो अजून टिकलाय: माणूस-लांडगा. 'वर्ल्ड'च्या पोटातही तोच आहे. पण मला सगळ्यात भिडतो तो 'वेरगिल्ड', म्हणजे मारल्या गेलेल्या माणसाचं मोल, खुन्याकडच्यांनी त्याच्या नातेवाइकांना भरायचं. वेसेक्स या इंग्लंडमधल्या जुन्या राज्याच्या कायद्यात साध्या शेतकऱ्याचं २०० शिलिंग, सरदाराचं १२००.