बेरोजगारी भत्त्याचे पैसे परत मागताहेत (कॅलिफोर्निया): अपील करावं की भरून मोकळं व्हावं? सल्ला हवा

बे_एरियातला_वऱ्हाडी

नमस्कार मंडळी. प्रश्न बायकोचा आहे, तिनेच मला इथे लिहायला बसवलंय.

ती एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा कामाचा परवाना) एका छोट्या कंपनीत क्यूएचं, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करत होती. मार्चमध्ये मॅनेजरने बोलावून सांगितलं, "राजीनामा दे, नाहीतर शुक्रवारी काढून टाकावं लागेल. राजीनामा दिलास तर रेफरन्स चांगला देईन." तिने दोन ओळींचा राजीनामा ईमेल केला आणि नंतर अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम टाकला. पहिला बिनपैशाचा आठवडा गेल्यावर आठवड्याला ४५० डॉलर सुरू झाले. मध्ये सासऱ्यांचं अमरावतीला बायपास झालं, तेव्हा ती तीन आठवडे तिकडे होती. दर दोन आठवड्यांचा फॉर्म तिने तिकडूनच नेहमीसारखा भरला.

आता भत्ता देणाऱ्या राज्याच्या खात्याकडून (ईडीडी) एकाच पाकिटात दोन नोटिसा आल्यात. एक म्हणते, तुम्ही आपणहून नोकरी सोडली, म्हणून पात्र नाही. दुसरी म्हणते, आजवर दिलेलं सगळं जादा दिलं गेलं, परत करा. शिवाय भारतातल्या आठवड्यांबद्दल खोटी माहिती दिली म्हणून ३० टक्के दंड आणि पुढचे काही आठवडे अपात्रता. आकडा सहा हजारांच्या पुढे जातोय. नोटिशीवर ११ तारीख आहे, आमच्या हातात १९ ला पडली.

अपील करावं का? आणि हिअरिंगला तिच्या वतीने मी बोललो तर चालेल का? ती फोनवर पटकन घाबरते.

दुपारचा_चहा

भाऊ, माझं मत ऐका. पैसे भरा आणि विषय संपवा. ग्रीन कार्डच्या रांगेत उभे असाल तर सरकारी खात्याशी भांडण नकोच. सहा हजार जातील, पण डोक्याला ताप उरणार नाही.

मीना_सॅक्रामेंटो

चहाराव, याच्याशी मी अजिबात सहमत नाही. इथल्या कामगार कायदा मदत केंद्रात मी स्वयंसेवक म्हणून बसते आणि आपले देशी लोक हमखास हेच म्हणतात. पैसे भरल्याने 'खोटी माहिती दिली' हा शेरा पुसला जात नाही. कर्ज फिटतं, शेरा कागदावर तसाच राहतो. ग्रीन कार्डची काळजी असेल तर उलट तो शेरा काढून घेण्यासाठीच अपील करायला हवं. बेरोजगारी विमा हा मालकाने भरलेल्या करातून मिळणारा कमावलेला हक्क आहे. तो 'पब्लिक चार्ज'मध्ये (सरकारी मदतीवर जगणारा माणूस, असा इमिग्रेशनचा ठपका) धरत नाहीत, त्यामुळे क्लेम केला म्हणून इमिग्रेशनला काही होत नाही. शेऱ्याबद्दल मात्र आपल्या इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या.

वऱ्हाडी, आता तुमच्याकडे वळते. आधी तारीख. अपिलाची मुदत नोटीस टपालात टाकल्याच्या तारखेपासून ३० दिवस असते. नोटीस हातात कधी आली, यावरून ती मोजत नाहीत. म्हणजे तुमचं घड्याळ ११ पासूनच चालू आहे. मुदत चुकली तर 'सबळ कारण' दाखवून उशिरा अपील करता येतं, पण मग पहिला वाद त्या कारणावरच होतो. तेव्हा ती वेळ येऊ देऊ नका.

नोटिशीसोबत अपिलाचा फॉर्म येतो, डीई १०००एम. तो नसेल तर साधं पत्रही चालतं. त्यात नाव, पत्ता, नोटिशीची तारीख आणि 'मला हा निर्णय मान्य नाही, कारण...' एवढं पुरेसं आहे. इथे मोठा निबंध लिहू नका, सविस्तर सांगायची जागा हिअरिंग आहे. मात्र दोन्ही नोटिसांची नावं घेऊन अपील करा. लोक अपात्रतेविरुद्ध अपील करतात आणि वसुलीची नोटीस तशीच सोडतात. नंतर पहिला मुद्दा जिंकूनही दुसऱ्याचं लचांड मागे राहतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिने दर दोन आठवड्यांचा फॉर्म भरणं बंद केलंय का?

बे_एरियातला_वऱ्हाडी

हो, बंद केलंय. अपात्र म्हटल्यावर काय भरायचं?

मीना_सॅक्रामेंटो

आजच परत सुरू करा! अपील चालू असतानाही सर्टिफाय करत, म्हणजे तो दोन आठवड्यांचा फॉर्म भरत राहायचं असतं. उद्या निकाल तिच्या बाजूने लागला तर ज्या आठवड्यांचे फॉर्म भरलेत, त्यांचेच पैसे मिळतात. मधले सुटलेले आठवडे नंतर भरून काढणं फार जिकिरीचं असतं. फॉर्म भरताना मात्र प्रत्येक उत्तर खरंच हवं.

आता प्रकरणाकडे येऊ. तुमच्याकडे तीन वेगवेगळे वाद एकत्र बांधले गेलेत, ते आधी सुटे करा.

पहिला वाद म्हणजे 'आपणहून सोडली'. मालकाने 'राजीनामा दे नाहीतर काढतो' म्हटलं असेल तर कॅलिफोर्नियात तो राजीनामा काढून टाकल्यातच धरला जातो. याने सगळं गणित फिरतं. आपणहून सोडली असेल तर सोडायला सबळ कारण होतं हे कामगाराने दाखवायचं असतं. काढलं असेल तर गैरवर्तन झालं हे मालकाने सिद्ध करायचं असतं. आणि काम संथ होतं, टार्गेट जमत नव्हतं, बग सुटले, हे गैरवर्तनात बसत नाही. गैरवर्तन म्हणजे मालकाच्या हिताकडे जाणूनबुजून केलेलं दुर्लक्ष. तेव्हा मॅनेजरचा ईमेल, चॅट, व्हॉट्सॅप, त्या मीटिंगचं कॅलेंडर इन्व्हाईट, जे असेल ते काढा. तिने त्या संध्याकाळी तुम्हाला केलेला मेसेजसुद्धा उपयोगी पडतो. कंपनीकडून बहुतेक एचआरचं माणूस येईल, जे त्या खोलीत नव्हतंच. त्याच्या ऐकीव माहितीला तुमच्या बायकोच्या प्रत्यक्ष साक्षीइतकं वजन नसतं.

दुसरा वाद भारतातले तीन आठवडे. इथे मी गोड बोलणार नाही. फॉर्ममधला दुसरा प्रश्नच असा आहे की आजारपण सोडून इतर काही कारणाने तुम्ही रोज पूर्णवेळ काम स्वीकारू शकला नसतात का. माणूस अमरावतीच्या हॉस्पिटलमध्ये बसला असेल तर उत्तर 'हो' असायला हवं. त्या तीन आठवड्यांचे पैसे वाचवायला भांडू नका. बाकीच्या मुद्द्यांवरचा विश्वासही त्याने उडतो.

तिसरा वाद खोट्या माहितीचा, आणि खरी लढाई हीच आहे. कायद्याला नुसतं चुकीचं उत्तर पुरत नाही. ते खोटं आहे हे माहीत असून, पैसे मिळवण्यासाठी, जाणूनबुजून दिलेलं असावं लागतं. तिने तसं उत्तर का दिलं?

बे_एरियातला_वऱ्हाडी

तिथून ती रोज अर्ज टाकत होती, रात्री जागून झूमवर दोन इंटरव्ह्यू पण दिले. सगळे रिमोट जॉब. उद्या ऑफर आली तर उद्यापासून काम सुरू करू शकते, असं तिच्या डोक्यात होतं. सासूबाई आणि मेहुणा होतेच बाबांजवळ.

मीना_सॅक्रामेंटो

मग हेच सांगायचं, याच शब्दांत. इंटरव्ह्यूचे ईमेल छापून ठेवा. याने ते आठवडे पात्र ठरतील असं मी म्हणत नाही, पण हेतू फसवण्याचा नव्हता हे दिसतं.

निकालाचा हिशेब असा बघा. 'सोडली'वर जिंकलात तर वसुली भारतातल्या आठवड्यांपुरती उरते, म्हणजे ४५० गुणिले ३, १३५० डॉलर. खोट्या माहितीचा शेरा निघाला तर ३० टक्के दंड जातो आणि ५ ते १५ आठवड्यांची ती वेगळी अपात्रताही जाते. उरलेल्या रकमेला हप्ते बांधून मिळतात. फसवणूक नसलेल्या वसुलीत पुढच्या भत्त्यातून आठवड्याला २५ टक्के कापतात. फसवणुकीचा शेरा असेल तर १०० टक्के. वसुली माफ करण्याचा अर्जसुद्धा शेरा नसेल तरच उपयोगाचा. त्यात तुमची चूक नव्हती आणि परतफेडीने घर अडचणीत येईल हे दाखवावं लागतं, घराच्या उत्पन्नाचा तपशील द्यावा लागतो. तुमचा पगार चालू असेल तर त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका.

आणि हो, हिअरिंगला प्रतिनिधी कोणीही चालतो, नवरासुद्धा. पण साक्ष तिचीच व्हायला हवी. त्या मीटिंगमध्ये तुम्ही नव्हतात. तुम्ही बोललात तर एचआरच्या माणसासारखीच तुमचीही माहिती ऐकीव! इंग्रजीची भीती असेल तर दुभाषी फुकट मिळतो, आधी मागावा लागतो. मराठी हवी असेल तर मराठी म्हणूनच लिहा, 'इंडियन' लिहिलं तर हिंदीचा माणूस लाइनवर यायचा.

खडीसाखर

धागा हायजॅक करत्येय, माफ करा. मी ग्रीन कार्डवाली, लेऑफ झालं, फॉर्म वेळेवर भरते आणि स्टेटस 'पेंडिंग' तो पेंडिंगच. फोन लागत नाही. काय करू?

मीना_सॅक्रामेंटो

'पेंडिंग'ची कारणं साधारण ठरलेली असतात. ओळख पटवणं अर्धवट राहिलेलं असतं, पगाराचा आकडा मालकाच्या आकड्याशी जुळत नाही किंवा पात्रतेची टेलिफोन मुलाखत लागलेली असते. मुलाखतीचं पत्र टपालात आणि पोर्टलच्या इनबॉक्समध्ये येतं, दोन्ही बघा. दिलेल्या वेळेत अनोळखी नंबरचा फोनही उचला. आपले लोक स्पॅम समजून कापतात आणि मग अधिकारी समोर असलेल्या कागदांवरूनच निर्णय देतो. शेवटच्या पगाराबरोबर सेव्हरन्स (नोकरी जाताना दिलेली भरपाई) मिळाला असेल तर ते काय होतं हे कागदासकट सांगा. कॅलिफोर्नियात सेव्हरन्समुळे सहसा भत्ता कापत नाहीत, पण काढण्याची आगाऊ सूचना देण्याऐवजी दिलेला पगार हा वेगळा विषय आहे.

अण्णा_अर्व्हाईन

याच्या जोडीला एक उपाय. आपल्या भागाच्या असेंब्ली मेंबरच्या किंवा स्टेट सेनेटरच्या जिल्हा ऑफिसला लिहा. हे राज्याचं काम आहे, काँग्रेसमनचं नाही, तिथे लोक चुकतात. त्यांच्याकडे अशा तक्रारी पाहणारी माणसं असतात. एक संमतीपत्र भरून घेतात आणि खात्याकडे चौकशी पाठवतात. मतदार नसलात तरी रहिवासी आहात, बिनधास्त लिहा. देशात नगरसेवकाकडे जातोच की आपण.

दुपारचा_चहा

मीनाताई, माझं 'भरून टाका' मागे घेतो. पण एक शंका. ही जिंकली आणि मग कंपनीने वरच्या अपील बोर्डाकडे अपील केलं तर? तोवर पैसे अडकणार ना?

मीना_सॅक्रामेंटो

नाही अडकत. १९७१ चा सुप्रीम कोर्टाचा 'जावा' खटला याच मुद्द्यावर आणि याच राज्यातला आहे. पात्र ठरलेल्या माणसाचे पैसे केवळ मालकाने अपील केलं म्हणून थांबवता येत नाहीत, असा तो निकाल. आणि हरलात तर तुम्हालाही पुढचे ३० दिवस असतात, बोर्डाकडे जायला. पण बोर्ड सहसा हिअरिंगचं रेकॉर्डिंग आणि तिथे आलेले कागदच बघतं, पुन्हा साक्ष घेत नाही. म्हणून असेल नसेल तो पुरावा पहिल्याच हिअरिंगला ठेवा.

हिअरिंगची नोटीस किमान १० दिवस आधी येते. बहुतेकदा फोनवरच असतं, शपथ घेऊन, रेकॉर्डिंग चालू, समोर प्रशासकीय न्यायाधीश. वाटतं तितकं भयंकर नसतं. प्रश्न बहुतेक न्यायाधीशच विचारतात. आधी फाइल मागवून वाचा, कंपनीने खात्याला नेमकं काय कळवलंय ते त्यातच कळतं. नोटिशीत मुद्द्यांची यादी असते. तिन्ही वाद तिथे नसतील तर सुरुवातीलाच तसं सांगा. आणि वेळेवर लाइनवर असा, गैरहजर राहिलात तर अपील फेटाळलं जातं.

फुकट कायदेशीर सल्ला हवा असेल तर सॅन फ्रान्सिस्कोच्या 'लीगल एड ॲट वर्क'चं वर्कर्स राइट्स क्लिनिक आहे. हिअरिंगची तारीख लागण्याआधीच अपॉइंटमेंट घ्या.

कोकणी_एचवनबी

मी एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा) आहे, नोकरी गेल्यावर मिळणारं ६० दिवसांचं ग्रेस चालू. मलाही क्लेम टाकता येईल?

मीना_सॅक्रामेंटो

तुमचं अवघड आहे. 'कोणतंही योग्य काम आज स्वीकारायला मोकळा' ही मूळ अट आहे आणि एच-१बीची परवानगी एका मालकाला बांधलेली असते. एच-४ ईएडी, एल-२ जोडीदार (कंपनीच्या बदलीवर आलेल्यांचे), ग्रीन कार्ड यांना ती आडकाठी नाही. क्लेमपेक्षा तुमचे दिवस नवीन मालकाकडून व्हिसाचं पिटिशन मिळवण्यामागे घालवा.

बे_एरियातला_वऱ्हाडी

सगळ्यांचे आभार. अपील लिहून झालं, दोन्ही नोटिसांची नावं टाकली, उद्या पोस्टातून पावतीसकट जाईल. मॅनेजरचा 'शुक्रवारपर्यंत कळव' हा ईमेल सापडला. बायको म्हणतेय, तिची साक्ष ती स्वतःच देईल, मी फक्त चहा करावा. शेवटचा प्रश्न: टॅक्सचं काय? मिळालेत या वर्षी, परत करावे लागले तर कदाचित पुढच्या वर्षी.

अण्णा_अर्व्हाईन

राज्याचा कर या भत्त्यावर नाही, फेडरल आहे. जानेवारीत १०९९-जी (वर्षभरात मिळालेल्या भत्त्याचा टॅक्ससाठीचा फॉर्म) येईल. याच वर्षी परत केलेत तर तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा करून भरा. पुढच्या वर्षी परत केलेत तर ३००० डॉलरची रेघ आहे. त्याच्या वर असेल तर वजावट किंवा क्रेडिट यातलं जे फायद्याचं ते घेता येतं. ३००० किंवा कमी असेल तर काहीच मिळत नाही. म्हणजे तुमचे १३५० उरले तर ते डिसेंबर संपायच्या आत भरलेले बरे. निकाल तोवर लागला नाही, तरी भारतातल्या आठवड्यांचे तुम्हाला मान्यच आहेत. तेवढेच आधी भरले तर चालतं का, हे मीनाताईंना विचारा.

मीना_सॅक्रामेंटो

चालतं. ऑनलाइन किंवा चेकने, क्लेमंट आयडी लिहून, आणि सोबत एका ओळीत लिहा की बाकीच्या रकमेवर अपील चालू आहे.