गुहागरचा तो ओला आठवडा
जूनमधे कोकणात गेलं की ट्रिप फुकट जाते असं लोक म्हणतात, पण आम्ही दर मे महिन्यात गुहागरला मामाकडे जायचो नि एका वर्षी मुक्काम लांबला तर पावसाने आठवडाभर असं झोडपलं की समुद्र नुसता ऐकला, बघितला नाहीच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ताजी सुरमई विसरा, मामी रोज सुकटीची चटणी नि कुळथाचं पिठलं करायची (तक्रार नाही हां!). लाईट गायब, टॉवेल चार दिवस दमट, आणि पडवीत पत्ते कुटत चुलीत भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, सोलून सोलून बोटं काळी, मग तेच काळे ठसे पत्त्यांवर, बदामचा एक्का तर पाठीवरूनच ओळखू यायचा. पाचव्या दिवशी उघडीप मिळाली पण आजोबांनी पाण्यात पाऊल टाकू दिलं नाही.