काटा वर चढतच नाही, सेन्सर बदलू का?

घाटमाथा: नाशिकची थंडी, जुनी डिझेल गाडी. अर्धा तास चालवली तरी तापमानाचा काटा निम्म्याच्या खालीच. घाट चढताना जरा वर येतो, उतारावर परत खाली. हीटर कोमट, अ‍ॅव्हरेजही पडलंय. सेन्सर बदलू का?

डिझेलकाका: सेन्सरला उगाच बदनाम करू नका. हीटरही कोमट, म्हणजे पाणी खरंच तापत नाहीये. सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, पंख्यापासून जपून. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, धड असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो; ८२ ते ८८ अंशांच्या आसपास तो उघडला की पटकन तापतो. पहिल्यापासूनच कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. नाहीतर मुळात नाहीच! ‘गाडी तापते’ म्हटलं की काही मेकॅनिक तो सरळ काढून टाकतात.

रातराणी: इलेक्ट्रिक पंखा कुणी डायरेक्ट, म्हणजे सतत चालू राहील असा, तर केला नाही ना? तेही बघा.

घाटमाथा: पंखा ठीक आहे. पाइप मात्र लगेच कोमट झाला. उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. आधीच्या मालकाची कृपा!

डिझेलकाका: वाटलंच. नवा बसवताना गॅस्केटही बदला, कूलंट भरून हवा काढा. नुसतं नळाचं पाणी ओतू नका.