रोज तीन गोष्टी लिहून कंटाळा आला, तुमच्या घरी कृतज्ञता कशी जमते?

घोडबंदर_ट्रॅफिक:

नमस्कार मंडळी, हा विषय कुठल्या सदरात बसतो कळेना म्हणून गप्पांमध्येच टाकतेय, अ‍ॅडमिनना वाटलं तर हलवा.

मी ठाण्यात वाघबीळच्या बाजूला राहते, नोकरी ऐरोलीला, घरी नवरा, चौथीतली लेक आणि सासूबाई. गेल्या पावसाळ्यात माझं एक ऑपरेशन झालं, फार मोठं नाही पण वाकायचं नाही, उचलायचं नाही, जिना नाही असं सगळं. तेव्हा सासूबाईंनी या वयात अख्खं घर ओढलं आणि माझी एक मैत्रीण सीवूड्सहून शनिवारी यायची, येताना डबा आणायची आणि चक्क माझे केस धुऊन द्यायची. रात्री पडल्यापडल्या वाटायचं, हे कसं फेडणार आपण. आणि आता बघा, त्याच सासूबाईंनी फ्रीजमध्ये पातेल्यावर झाकण न ठेवता भाजी ठेवली की माझं डोकं सटकतं आणि त्याच मैत्रिणीचा मेसेज दोन दोन दिवस न वाचता पडून असतो.

मग ऑफिसातल्या एकीने अ‍ॅप सुचवलं. रात्री नऊला टिंग वाजतं आणि आज कशाबद्दल आभारी आहात अशा तीन गोष्टी लिहायच्या. पहिले काही दिवस छान वाटलं. नंतर मी रोज नवरा, मुलगी, घर एवढंच लिहून मोकळी व्हायला लागले, ऑफिसचं स्टेटस अपडेट देतात ना अगदी तसं. त्यात परवा लेकीने विचारलं, आई तू देवासमोर हात जोडून काय म्हणतेस गं, मी म्हटलं थँक्यू म्हणते, तर लगेच पुढचा प्रश्न, कशाबद्दल? आणि मला पटकन काही सुचेना.

सासूबाईंना हे प्रश्न पडतच नाहीत. दिवा लावला की हरिपाठ, सगळा तोंडपाठ, आणि मधेच बोटाने खुणावून मला सांगतात कुकरच्या तीन झाल्या, बंद कर. म्हणजे लक्ष देवाकडे पण आहे आणि कुकरकडे पण. मला दोन्हीकडे नसतं.

तर प्रवचन नको प्लीज, तुमच्या घरात, मित्रमंडळींत तुम्ही प्रत्यक्ष काय करता ते सांगा. देव मानणारे न मानणारे दोघंही लिहा.

नेरुळ_सेक्टर_वीस:

ताई, मी रिटायर्ड मास्तर आहे त्यामुळे थोडं लांबणार, आधीच सांगतो. ही अ‍ॅपं ज्या कामाचा हवाला देतात ते २००३ चं आहे, रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं. त्यांच्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना रोज नव्हे, आठवड्यातून एकदाच लिहायचं होतं, जास्तीत जास्त ५ गोष्टी, असं १० आठवडे. एका गटाने आभाराच्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसतं काय काय घडलं ते. आभारवाल्यांना आयुष्य एकूण बरं चाललंय असं जास्त वाटलं आणि गंमत म्हणजे ते व्यायामही जास्त करत होते. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा लिहिणाऱ्यांना दिसला नाही. म्हणजे तुमचा कंटाळा शास्त्रशुद्ध आहे, ते टिंग बंद करून टाका.

दुसरं, "नवरा" ही काही गोष्ट झाली नाही हो. आज त्याने न सांगता लेकीची पाण्याची बाटली घासली, ही गोष्ट झाली. बारीक लिहिलं की रोज वेगळं सापडतं, मोघम लिहिलं की तीनच शब्द उरतात. वर्गात निबंध तपासताना आयुष्यभर हेच सांगत आलो.

आता माझा स्वतःचा किस्सा. २००५ मध्ये मार्टिन सेलिग्मन यांच्या टीमने आणखी एक प्रयोग केला होता, ज्याचे नीट आभार मानायचे राहून गेलेत अशा माणसाला पत्र लिहायचं आणि स्वतः जाऊन द्यायचं. लिहिणाऱ्याला त्याचा आनंद साधारण महिनाभर पुरतो, मग ओसरतो. मी म्हटलं करून तर बघू. नोकरीच्या सुरुवातीला मला सांभाळून घेणारे एक जुने सहकारी नौपाड्यात राहतात, त्यांच्याकडे गेलो, चहा झाला, पत्र काढलं आणि वाचायला लागलो. दुसऱ्या पॅरेग्राफला त्यांनी मला थांबवलं, चष्मा काढला आणि विचारलं, काय रे, तुझे रिपोर्ट बरे आलेत ना? त्यांच्या मिसेस आतून पळत आल्या. पाऊण तास मी ठणठणीत आहे हेच पटवत बसलो. पण तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन असतो, सुरुवात कायम तब्येतीपासून.

तर तुमच्याही बाबतीत ती भावना महिन्याभरात ओसरली असेल तर त्यात जगावेगळं काही नाही, मनावर घेऊ नका.

लेडीज_डबा:

मी जरा उलटं लिहिणार आहे, राग मानू नका.

ही कृतज्ञता आपल्याकडे नेहमी बायकांच्याच डोक्यावर का टाकतात? माझ्या आईला आयुष्यभर सगळ्यांनी सांगितलं, नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही, अजून काय पाहिजे, देवाचे आभार मान. ती मानत पण होती बिचारी. पण गुडघे गेले तेव्हा कळलं की तिला सकाळी पाचला उठायला कधीच आवडायचं नाही, कोणी विचारलंच नव्हतं. त्यामुळे हे आहे त्यात समाधान वगैरे ऐकलं की माझ्या कपाळावर आठ्या येतात.

आणि सासूबाईंबद्दल तुला एवढं वाटतंय ना, मग मनात वाटून काय उपयोग, त्यांना ते पोचतंय का? त्यांना संध्याकाळी देवळात, बागेत, मैत्रिणींकडे कुठेही जायला मोकळा वेळ मिळतो का ते बघ आधी. तुम्ही दोघं ऑफिसला आणि त्या लेकीच्या शाळेच्या बसपासून संध्याकाळच्या खाऊपर्यंत ड्युटीवर, असं तर नाही ना? एक दिवस पूर्ण त्यांचा ठेव, आणि तो नवऱ्याने सांभाळायचा, तू नाही. भाजीवर झाकण नाही म्हणून डोकं सटकलं तर सटकू दे, तेवढं चालतं घरात, भांडण आणि माया एकाच ओट्यावर चालतात की.

मैत्रिणीला मात्र आत्ताच्या आत्ता फोन कर, हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता.

बेलापूर_बंदर:

ताई, मी कोळी, बेलापूरच्या बाजूचा. आमच्याकडे असं वहीत बिहीत काय लिहीत नाय पण सांगतो.

जून-जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, मासळीच्या विणीचा टाइम. दोन महिने कमाई नाय, जाळी शिवायची, बोटीची डागडुजी करायची, बाजारात उधारी वाढत जाते. मग नारळी पौर्णिमा येते. आता बघा, हंगाम सुरू होताना दर्याला नारळ देतो तेव्हा आमच्या हातात अजून काहीच आलेलं नसतं. पदरात पडल्यावर आभार मानले तर तो हिशोब झाला, आमच्यात आधी देतात. यंदा मासळी लागेल की नाय ते त्यालाच माहीत, आणि आता खाडीत घाण पण किती, पहिल्यासारखी मासळी राहिलेली नाय, तरी नारळ जातोच. मी एकदा बापाला बोललो होतो, दर्या काय देत नाय आता, कशाला नारळ. तो बोलला, तू लहानपणी माझं कधी ऐकलं नाय तरी जेवायला घातलंच ना तुला.

आणि आई बाजारात बसते तर दिवसाची पहिली भवानी झाली की नोट कपाळाला लावते मग पाटीत ठेवते, वीस रुपयांची असो का पाचशेची. समोरचं गिऱ्हाईक कितीपण घासाघीस करून गेलेलं असू दे, त्याला शिव्या पण देते आणि नोट कपाळाला पण लावते. वर लेडीज डबा ताई बोलल्या ना भांडण आणि माया, ते पटलं आपल्याला.

एकविरेला वर्षातून जातो ते पण काय मागायला असं नाय, सगळे भाऊबंद एका गाडीत घालायला तेवढंच निमित्त.

नऊ_दहा_नंबर:

देव न मानणाऱ्यांनी पण लिहा म्हटलंत म्हणून लिहितोय, थोडक्यात.

ठाणे स्टेशनला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून वाशी-पनवेल लोकल पकडणारा आमचा ग्रुप आहे, ट्रान्स हार्बरवाल्यांना कळेल. कोणाचं आडनाव काय, कोण किती कमावतो काही माहीत नव्हतं कित्येक वर्षं. माझे वडील गेले तेव्हा मी काही दिवस दिसलो नाही, तर त्यातले चौघं कळव्याला घर शोधत आले, पत्ता कोणाकडेच नव्हता, स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना माझं वर्णन सांगत सांगत आले. मला देवाचं काही कळत नाही, पण माझी जागा रिकामी दिसली की चार माणसं खाली उतरून शोधतील एवढा भरवसा मला आहे आणि त्यावर माझं चालतं. परतफेड वगैरे काही नाही, मी फक्त कोणी दोन दिवस दिसला नाही की फोन करतो. आता दिघा गाव स्टेशन झाल्यापासून प्रवास तेवढाच लांबलाय, गप्पांना बरं पडतं.

आमच्या शेजाऱ्यांकडे आमची चावी असते आणि त्यांची आमच्याकडे. यापेक्षा मोठी श्रद्धा काय असते मला माहीत नाही.

तुळशीमाळ:

माझ्या बाबांची आळंदी ते पंढरपूर वारी असते, २५० किलोमीटरच्या आसपास चालणं, रिटायर झाल्यापासून बहुतेक वर्षी जातात. मी एकदा त्यांना सोडायला पुण्यापर्यंत गेले होते तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं, तिथे सगळे एकमेकांना माऊली म्हणतात हे माहीत होतं, पण एकमेकांच्या पाया पण पडतात. म्हणजे वय, शिक्षण काही न बघता, आपण वाकलो की समोरचा पण वाकतो, कधीकधी डोकी आपटतात. बाबा बँकेत ऑफिसर होते, घरात त्यांचा दरारा, आणि एका विशीतल्या पोराच्या पायाला हात लावताना बघून मला कसंतरीच झालं. ते म्हणाले, अगं त्याने रात्री माझे पाय चेपलेत.

तर आमच्या घरात त्याचं एक छोटं रूप आलंय, कोणी ठरवून आणलं नाही. बाबा वारीहून आले की आम्ही त्यांच्या पाया पडतो आणि मग ते आईच्या पाया पडतात. पहिल्या वर्षी आई ओरडली, हे काय भलतंच, लोक काय म्हणतील. आता पाय पुढे करते आणि म्हणते, गुडघा पण चेपा आता आलात तर. तिने इकडे घर सांभाळलं म्हणून ते तिकडे चालले, हे त्यांना बोलून दाखवता येत नाही, त्यांच्या पिढीला कुठे येतं, पण वाकता येतं. ताई, तुमचं पण तसंच असेल, मनात काही उचंबळायची वाट बघत बसाल तर अवघड आहे, हाताला काहीतरी काम द्या.

आणि तुमच्या सासूबाईंच्या कुकरच्या शिट्ट्यांवरून सांगते, अरणचे सावता माळी पंढरपूर तसं जवळ असूनही मळा सोडून गेले नाहीत, विठ्ठलच त्यांना भेटायला मळ्यात आला असं आमच्याकडे सांगतात. अजूनही पंढरपूरहून पालखी अरणला जाते. जनाबाईंचं तर दळण-कांडण सगळं त्याच्याबरोबरच. त्यामुळे हरिपाठ चालू असताना शिट्टी मोजणं हे अगदी परंपरेला धरून आहे, त्यांना सांगा खुशाल.

घोडबंदर_ट्रॅफिक:

अरे बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, ट्रॅफिकमध्ये बसून सगळी वाचली, मेट्रोच्या कामाचा एवढा तरी फायदा.

मास्तरकाका, अ‍ॅप उडवलं. पत्र मात्र लिहिणार नाही, सासूबाई पण रिपोर्टच विचारतील आणि माझं ऑपरेशन झालेलं असल्यामुळे प्रकरण फारच वाढेल.

लेडीज डबा, फोन केला गं. ती कामात होती, म्हणाली रात्री करते, मग रात्री जवळपास तासभर बोललो, त्यात आभार वगैरे काही झालं नाही, तिच्या सोसायटीच्या पाण्याचं भांडण आणि माझ्या बॉसची निंदा एवढंच. पुढच्या शनिवारी मी जातेय तिकडे, मेंदीचं पाकीट घेऊन, तिचे केस आता मी रंगवणार. सासूबाईंच्या सुट्टीचं मात्र तू म्हणतेस तेवढं सोपं नाही. मी त्यांना म्हटलं रविवार तुमचा, स्वयंपाक हे करतील, तर म्हणाल्या मग मी काय करू दिवसभर, आणि त्याला पोळ्या येतात का? मी म्हणेन की काम काढून घेणं हे सगळ्यांनाच हवं असतं असं नाही, काहींना त्यात आपलं स्थान वाटतं. यावर तू भांडणार माहीत आहे, भांड.

बंदरवाल्या दादा, ते आधी देण्याचं डोक्यातून जात नाहीये. लेकीला वाचून दाखवलं, तिने लगेच नारळी भाताची फर्माईश केली, बाकी काय समजलं देव जाणे.

तुळशीमाळ, शिट्ट्यांचं सांगितलं त्यांना. खूश झाल्या पण दाखवलं नाही, म्हणाल्या सावतोबांचा मळा होता, माझा दहाव्या मजल्यावर ओटा आहे. आणि मग हळूच सांगितलं की हरिपाठ तोंडपाठ असला तरी हल्ली मधले एकदोन अभंग निसटतात, पुस्तकातलं बारीक दिसत नाही. मोठ्या टायपातला हरिपाठ ठाण्यात कुठे मिळेल?

नऊ_दहा_नंबर:

जांभळी नाक्याला कौपिनेश्वर मंदिराच्या आजूबाजूला पूजेच्या सामानाची दुकानं आहेत तिथे विचारा. रविवारी जाऊ नका, मार्केटमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

लेडीज_डबा:

पोळ्या येत नसतील तर भात करू दे त्याला. बाकी सविस्तर भांडायला रात्री येते.