डेस्क फोनवर आणीबाणीची सूचना: चार मिनिटांनी मल्टिकास्टचा आवाज बंद पडतो

प्रश्न:
ॲस्टेरिस्कवर (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) १८० सिप फोन (नेटवर्कवरून चालणारे), तीन मजले, मजल्यागणिक वेगळा व्हॉइस व्हीलॅन (फोनसाठी नेटवर्कचा वेगळा केलेला भाग). इमारत रिकामी करायची सूचना सगळ्या स्पीकरवर एकदम वाजायला हवी. पेज ग्रुपमध्ये (सगळ्या फोनना एकाच वेळी आपोआप उचलला जाणारा कॉल) काही फोन उशिरा उचलतात आणि पहिले शब्दच जातात, म्हणून २३९.१.५.५, पोर्ट ५००४ वर मल्टिकास्ट (एकच प्रवाह, तो ऐकणाऱ्या सगळ्यांना) लावलं. सर्व्हरच्या मजल्यावर फोन रीस्टार्ट केले की आवाज येतो, साधारण चार मिनिटांनी गप्प. बाकी दोन मजल्यांवर एकदाही नाही. कॉलवर असलेल्यांनाही ऐकू येत नाही.

उत्तर १:
मार्ग बरोबर आहे. पेज ग्रुप म्हणजे १८० वेगळे कॉल; जी.७११ (फोनचा नेहमीचा कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल करायची पद्धत) चा एक प्रवाह हेडरसकट सुमारे ८७ केबीपीएस, म्हणजे १५ एमबीपीएसच्या वर, शिवाय १८० इन्व्हाइट (कॉल सुरू करायचे संदेश) एका दमात. मल्टिकास्टमध्ये सर्व्हरमधून एकच प्रवाह निघतो.

चार मिनिटांचं कोडं स्विचमध्ये आहे. फोन सुरू होताना आयजीएमपीने (‘मला हा मल्टिकास्ट हवा’ असं सांगायचा प्रोटोकॉल) ग्रुपमध्ये सामील होतो आणि स्नूपिंग, म्हणजे हे संदेश ऐकणारी स्विचची सोय, त्याचा पोर्ट टिपून ठेवतं. पुढे दर १२५ सेकंदांनी कुणीतरी ‘अजून ऐकताय का?’ असं विचारावं लागतं. हे काम क्वेरिअरचं. तो नसेल तर २६० सेकंदांनी (१२५ ची दुप्पट अधिक १०) नोंद पुसली जाते आणि स्विच त्या पोर्टला प्रवाह देणं थांबवतो. स्नूपिंग बंद करू नका: आवाज येईल, पण प्रवाह व्हीलॅनमधल्या प्रत्येक पोर्टवर जाईल.

इतर मजल्यांसाठी लेयर ३ स्विचवर (व्हीलॅनमध्ये राउटिंगही करणारा स्विच) मल्टिकास्ट राउटिंग सुरू करून तिन्ही व्हॉइस व्हीलॅनवर, म्हणजे सर्व्हर आहे त्यावरही, पिम (मल्टिकास्ट एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात नेणारा प्रोटोकॉल) लावा. पिम लागलं की सहसा तोच स्विच क्वेरिअरही होतो, दोन्ही दुखणी एकत्र जातात. तरीही आवाज आला नाही तर टीटीएल (पॅकेटचा आकडा, प्रत्येक राउटरवर एकने कमी होतो) बघा. तो १ असेल तर पॅकेट पहिल्याच राउटरवर मरतं. ॲस्टेरिस्कच्या मल्टिकास्ट आरटीपी (आवाज वाहून नेणारा प्रोटोकॉल) डायल स्ट्रिंगमध्ये टी पर्यायाने ४ द्या.

उत्तर २:
वरच्यात भर. कॉलवरच्यांसाठी फोनमधली पेजिंग बार्ज (घोषणेने चालू कॉलमध्ये घुसायचं की नाही) सेटिंग बघा. या ग्रुपला सर्वांत वरचा अग्रक्रम द्या आणि बार्जची मर्यादा अशी ठेवा की तो चालू कॉलमध्ये घुसेल. रोजच्या घोषणांसाठी दुसरा पत्ता घ्या, नाहीतर चहाची वेळ सांगणारी घोषणाही लोकांचे कॉल तोडेल. डू नॉट डिस्टर्बमध्ये पेजिंग वाजतं की नाही, हे मॉडेलगणिक वेगळं. प्रत्येक मॉडेलचा एक फोन घेऊन तपासा.

कोडेक त्याच डायल स्ट्रिंगमध्ये सी पर्यायाने यूलॉ (जी.७११ चाच एक प्रकार) ठेवा. मल्टिकास्टमध्ये कोडेकची बोलणी होत नाहीत, त्यामुळे फोनला न झेपणारा कोडेक गेला तर शांतता, आणि लॉगमध्ये काहीच नाही.

सूचना कुणाच्या फोनवर पोचली, हे सर्व्हरला कळत नाही. आगीच्या भोंग्याऐवजी हे वापरू नका, त्याच्या जोडीला ठेवा. आणि चाचणी फोन रीस्टार्ट केल्यावर लगेच नको, दहा मिनिटं जाऊ द्या.

प्रश्नकर्ता:
पिम तिन्ही व्हीलॅनवर लावलं, टीटीएल ४. वीस मिनिटांनी चाचणी घेतली, तिन्ही मजल्यांवर आवाज आला. एका मॉडेलवर बार्ज बंद होतं, ते आता ऑटो प्रोव्हिजनिंगच्या फाइलमधून (फोन आपली सेटिंग जिथून आपोआप घेतात ती) बदलतो आहे.