२०१३ ची मॉडिफाय केलेली स्विफ्ट स्वस्तात मिळते आहे, घ्यावी का?

घोडबंदरवासी:
नमस्कार. मी ठाण्यात मानपाड्याजवळ राहतो आणि नोकरीसाठी रोज ऐरोलीला जातो. कोपरखैरण्यातील एका गृहस्थांची २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय १ लाख ९० हजारांत मिळते आहे. त्याच वर्षाच्या, काहीही बदल न केलेल्या दोन गाड्या मी ठाण्यातच पाहिल्या, पण त्यांचे मालक अडीच लाखांच्या खाली यायला तयार नाहीत. या गाडीला १७ इंची अलॉय चाके, खाली उतरवलेले सस्पेन्शन, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि ईसीयू रिमॅप (इंजिनच्या संगणकातील सेटिंग बदलणे) आहे. यावर आपले लाखभर रुपये खर्च झाले असून ते तुम्हाला फुकटच मिळत आहेत, असे मालकांचे म्हणणे आहे. मला वेगाची हौस नाही. आई-वडिलांना घेऊन अधूनमधून गावी जाता यावे, इतकीच अपेक्षा आहे. ही ६० हजारांची बचत खरी मानावी का?

कळव्याचा मेकॅनिक:
त्यांचे लाखभर रुपये गेले असतीलही, पण ती त्यांची हौस होती. तुम्हाला ते सामान काढूनच टाकायचे असेल, तर ते बचतीत नव्हे, खर्चात धरावे लागेल. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारा: मूळ चाके, स्प्रिंग आणि सायलेन्सर जपून ठेवले आहेत का?

चाकांचेच घ्या. व्हीडीआयला कंपनीकडून १६५/८० आर१४ मापाचे टायर येत, म्हणजे टायरच्या बाजूची उंची १६५ च्या ८० टक्के, १३२ मिलिमीटर. १७ इंची रिमवर २०५/४५ चा टायर असेल, तर ती ९२ मिलिमीटर उरते. मधले चार सेंटिमीटर रबर खड्ड्याचा दणका सोसत असते. ते नसले की दणका थेट रिमला आणि सस्पेन्शनला बसतो. पावसाळ्यातला घोडबंदर रस्ता तुम्हाला मी सांगायला नको.

रिमॅपमध्ये टर्बोचा दाब आणि डिझेलचे प्रमाण वाढवतात, क्लच मात्र बहुधा मूळचाच राहतो. ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा असताना चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाने जा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झटकन चढला पण गाडीने तितका वेग घेतला नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजा. इंजिन थंड असतानाच गाडी पाहायला जा आणि ते आधी तापवून ठेवू नका, असे मालकांना निक्षून सांगा. सुरू केल्यावर ऑइल भरायचे झाकण उघडून पाहा. तिथून वाफेसारखा धूर जोराने येत असेल, तर इंजिन झिजले आहे असे समजा, पुढे काही तपासण्याची गरज नाही. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय टोकन देऊ नका.

वाशीचा विमावाला:
कागदांची बाजूही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. उद्या आरसी तुमच्या नावावर आली की उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. शिवाय, विमा कंपनीला न कळवलेले बदल सर्वेअरला दिसले, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारायला त्यांना आयतेच कारण मिळते. मालकांचा नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमच्याकडे येत नाही, तेव्हा हप्ता त्या हिशेबाने धरा. परिवहनच्या संकेतस्थळावर थकलेली ई-चलने आणि कर्जाची नोंदही पाहून घ्या. नोंदणीची १५ वर्षे २०२८ मध्ये संपतील आणि तेव्हा ही गाडी आरटीओच्या तपासणीसाठी उभी करावी लागेल.

पामबीचचा हौशी:
सरसकट नकार देणे मला पटत नाही. चांगल्या कंपनीचे सामान, त्याची बिले आणि रिमॅपपूर्वीची मूळ फाइल जपणारा मालक इंजिन ऑइलही वेळेवर बदलतो, असा माझा अनुभव आहे. बिले मागा, त्यावरून माणूस कळतो.

घोडबंदरवासी:
सर्वांचे आभार. रविवारी सकाळी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गाडी पाहून आलो. इंजिन ठीक वाटले आणि क्लचही घसरला नाही. मूळ चाके मालकांच्या गॅलरीत ताडपत्रीखाली सापडली, सायलेन्सर मात्र भंगारात गेला होता. गाडी लिफ्टवर घेतल्यावर खरी गोष्ट कळली. खाली उतरवण्यासाठी वेगळ्या स्प्रिंग घातलेल्याच नव्हत्या. मूळ स्प्रिंगचेच एकेक वेटोळे ग्राइंडरने कापले होते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नव्हते, आणि जिथे ते घासत होते तिथे पत्रा चकचकीत झाला होता. बिलांचे विचारले, तेव्हा मित्राच्या गॅरेजात काम केले, असे उत्तर मिळाले. चार स्प्रिंग, चार शॉकअ‍ॅब्सॉर्बर, सायलेन्सर, चौदा इंची टायर आणि मजुरी असा हिशेब तिथेच कागदावर मांडला आणि तो वजा करून १ लाख ४० हजार सांगितले. मालक कागद घडी करून खिशात ठेवत, "कळवतो," म्हणाले. मी टोकन दिलेले नाही, आणि ठाण्यातल्या दोन गाड्यांपैकी एक बुधवारी लिफ्टवर घेतो आहे.