गोष्ट सांगायची की अंगठीच्या वर्णनात पुरायची?

शहापुरी_गडी
एल्डन रिंग या व्हिडिओ गेमचा (२०२२) शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, पाडला आणि कुणाला मारलं, कशासाठी मारलं, काही कळलं नाही. मग यूट्यूबवर तासातासाचे व्हिडिओ बघत बसा. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिनकडून त्या जगाचा जुना इतिहास लिहून घेतला म्हणे, आणि आमच्या वाट्याला काय, तर पिशवीतल्या तलवारीखाली लिहिलेल्या वर्णनाच्या तीन ओळी. लोक याला 'खोली' म्हणतात, मी आळस म्हणतो. द लास्ट ऑफ असनं (२०१३) सुरुवातीलाच रडवलं, एक अंगठी वाचायला लागली नाही.

खानापूरकरीण
आळस कसला गा? त्याच कंपनीच्या डार्क सोल्स गेममधला (२०११) सिफ आठव. आर्टोरियस या दंतकथेतल्या वीराच्या थडग्यापाशी तोंडात तलवार धरून उभा असलेला लांडगा. जीव कमी झाला की तो लंगडायला लागतो, तलवार उचलताना तोल जातो. एक शब्द नाही, तरी शेवटचा वार करायला हात धजत नाही. लांबलचक कटसीनला (खेळ थांबवून दाखवतात त्या चित्रफितीला) हे जमलं असतं?

शहापुरी_गडी
लंगडणं मला दिसलं, ते मान्यच. माझं भांडण मेनूशी आहे. डोळ्यांपुढं घडतंय ती गोष्ट. पिशवी उघडून बारीक अक्षरात वाचायचं ते रेशनकार्ड.

निपाणीवाला
रेशनकार्ड 😂 पण एल्डन रिंगमधल्या राडान या बॉसचं काय करतोस? एवढा धिप्पाड गडी आणि खाली ते मरतुकडं घोडं. लढताना हसू येतं. मेल्यावर त्याची 'रिमेंबरन्स' हाती येते, त्यात लिहिलंय की हे घोडं कधी सोडावं लागू नये म्हणून तो गुरुत्वाकर्षणाची विद्या शिकला. आधी हसलास म्हणून तर ती ओळ लागते. लढाईआधी कुणी सांगितलं असतं तर मजाच गेली असती.

शहापुरी_गडी
आणि ती ओळ न वाचताच जो पुढं गेला त्याचं काय? बहुतेक जण तसेच जातात. त्यांच्यासाठी तो कायमचा विनोदच.

खानापूरकरीण
राहू दे की! आपल्याकडं गावोगाव देवळापुढं वीरगळ असतात. खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. माणसं त्याला टेकून मोबाईल बघतात, म्हणून दगड चुकला का?
आणि वीरगळ सांगतो तेही एकाच बाजूचं, ज्यानं दगड उभा केला त्याचं. डार्क सोल्स नेमकं इथं बोट ठेवतो. अख्खा गेम ऐकायचं की आर्टोरियसनं अंधाराला हरवलं. २०१२ च्या डीएलसीत (भूतकाळात नेणाऱ्या जोडभागात) जाऊन बघ, तो स्वतःच त्या अंधारानं नासलाय. काम तू करतोस, नाव त्याचं होतं. निवेदक सगळं खरं सांगत बसला तर ही दंतकथा फुटणार कशी?

निपाणीवाला
भारी. त्यात डीएलसी आधी खेळून लहान सिफला वाचवलंस, तर पुढं थडग्यापाशी तो तुला ओळखतो. तरी मारावंच लागतं. 💔
हे दोन्ही गेम बनवणाऱ्या मियाझाकींनी सांगितलंय की लहानपणी ते इंग्रजी पुस्तकं वाचायचे, अर्धं कळायचं नाही आणि उरलेलं मनानं भरून काढायचे. त्यातूनच ही पद्धत आली. आपण सगळे तसंच वाढलो की. घरात मराठी, बसवर कानडी पाटी, गेममध्ये इंग्रजी.

शहापुरी_गडी
मग माझ्यासारख्या मराठी मीडियमवाल्याचे दुप्पट हाल बघ. ती जुनाट इंग्रजी वाचायची आणि वर कोडंही सोडवायचं. मियाझाकींना मौज वाटली असेल, मला डोकेदुखी.
तुकड्यांना माझा विरोध नाही. ओब्रा डिन (२०१८) हा गेम मला जाम आवडला. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते हुडकायचं, तिघांचं बरोबर जुळलं की गेम शिक्का मारतो. तिथं जोडणं हाच खेळ आहे. डार्क सोल्समध्ये तू काही जोडलं नाहीस तरी शेवट येतो, आणि जोडलंस तरी बरोबर की चूक कोण सांगणार?

खानापूरकरीण
कुणी सांगू नये म्हणून तर आवडतं. तुला शिक्का पाहिजे, मला नको.

शहापुरी_गडी
शिक्का नको, पण लढाई चालू असताना पॉज तरी द्या म्हणावं! वाचू कधी?